शेड टाकण्याआधी मोकळी जागा मोजा

नागपूरलगतच्या बेसा, पिपळा, घोगली, बेलतरोडी या पट्ट्यात प्लॉटचा भाव चौरस फुटावर सांगितला जातो. घर बांधणाऱ्याला तेवढा हिशेब पुरतो. फॅब्रिकेशनचं वर्कशॉप, मसाल्याचा कारखाना, पाण्याच्या कॅनचा प्लांट किंवा गोदाम टाकायला निघालेल्याला तो पुरत नाही. औद्योगिक इमारतीच्या चारही बाजूंना मोकळी जागा सोडावी लागते, रहिवासी भागापासून वेगळं अंतर राखावं लागतं, आणि डोक्यावरून हायटेन्शन तारा गेल्या असतील तर त्यांच्याखालचा पट्टा हातचा जातो. या सगळ्या जमिनीचे पैसे रजिस्ट्रीत पूर्ण मोजलेले असतात, पण तिच्यावर एक टिनही टाकता येत नाही. म्हणून भाव काढायचा तो शेडखाली येणाऱ्या जागेचा. विकणारा तो सांगणार नाही. आपणच काढायचा, आणि तोही इसार देण्याआधी.

राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीतला मापदंड सोपा आहे. औद्योगिक इमारत १६ मीटर उंचीपर्यंत असेल तर सर्व बाजूंना किमान ४.५ मीटर मोकळी जागा, आणि त्यापुढे उंचीच्या प्रत्येक मीटरमागे पाव मीटर जास्त. आपल्याकडे प्रत्यक्ष मंजुरी मिळते ती डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या राज्याच्या एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीप्रमाणे. तिच्यात प्लॉटचा आकार आणि समोरचा रस्ता पाहून अंतरं ठरतात, लहान प्लॉटला थोडी सवलतही मिळते. तरी पहिल्या अंदाजाला साडेचार मीटर, म्हणजे जवळपास १५ फूट, धरून चालावं. आर्किटेक्टने पुढे काही वाचवून दिलं तर तो फायदा समजायचा.

आता गणित करू. प्लॉट २० मीटर बाय २५ मीटर, म्हणजे ५०० चौरस मीटर. चारही बाजूंनी साडेचार मीटर सोडले की उरतं ११ बाय १६, म्हणजे १७६ चौरस मीटर. घेतलेल्या जागेच्या जेमतेम ३५ टक्के. भाव चौरस फुटाला २,००० रुपये धरला (हा आकडा फक्त उदाहरणासाठी) तर शेडखालची जागा तुम्हाला पडली सुमारे ५,७०० रुपये चौरस फूट. तोच हिशेब ४० बाय ५० मीटरच्या, २,००० चौरस मीटरच्या प्लॉटवर केला तर ३१ बाय ४१, म्हणजे १,२७१ चौरस मीटर वापरायला मिळतात आणि भाव येतो सुमारे ३,१५० रुपये. मोकळी सोडायची जागा सगळ्या प्लॉटना सारखीच कापत जाते, त्यामुळे लहान प्लॉट दिसायला स्वस्त आणि वापरायला महाग ठरतो. दोन भागीदारांनी शेजारशेजारचे दोन लहान प्लॉट वेगवेगळे घेण्यापेक्षा एकत्र करून एकच नकाशा मंजूर करून घेतला तर मधली दोन्ही अंतरं वाचतात. पुढे वाटण्या कशा होतील याचा लेखी करार मात्र आधीच करून ठेवावा.

याहून मोठा खड्डा पडतो तो झोनच्या सीमेवर. औद्योगिक झोनमधली जमीन रहिवासी किंवा न जुळणाऱ्या वापराच्या झोनला लागून असेल तर आवश्यक तिथे २३ मीटर रुंदीचा बफर पट्टा ठेवायचा, अशी राज्याच्या नियमावलीत तरतूद आहे. २३ मीटर म्हणजे ७५ फूट. वरचा २,००० चौरस मीटरचा प्लॉट घ्या. त्याच्या मागच्या ४० मीटरच्या बाजूला रहिवासी झोन आला, तर त्या बाजूचे साडेचार मीटर जाऊन २३ मीटर होतात. शेडला उरतात ३१ बाय साडेबावीस, म्हणजे ६९७ चौरस मीटर. आणि रहिवासी झोन ५० मीटरच्या लांब बाजूला आला तर उरतात फक्त ४१ बाय साडेबारा, म्हणजे ५१२ चौरस मीटर. प्लॉट तोच, भाव तोच, पण पहिल्या वेळी शेडखालची जागा पडते सुमारे ५,७०० रुपयांना आणि दुसऱ्या वेळी ७,८०० रुपयांना. वस्ती प्लॉटच्या कोणत्या बाजूला आहे एवढ्यावर हा फरक पडतो. म्हणून नकाशा हातात घेऊन आधी ती बाजू शोधा, भाव नंतर ठरवा.

यात दोन सवलती आहेत, त्या माहीत असाव्यात. बफरचा पट्टा तुम्हाला एरवी सोडावी लागणाऱ्या मनोरंजनाच्या मोकळ्या जागेत धरता येतो, म्हणजे मोठ्या जमिनीवर त्याचा दुहेरी भार पडत नाही. आणि जमीन पूर्णपणे आयटी किंवा प्रदूषण न करणाऱ्या उद्योगासाठी वापरली जात असेल तर बफरची सक्ती राहत नाही. आपला उद्योग या सवलतीत बसतो का, आणि मधे रस्ता असेल तर त्याची रुंदी २३ मीटरमध्ये धरली जाते का, हे दोन प्रश्न नियोजन प्राधिकरणाला लेखी विचारावेत आणि उत्तरही लेखीच घ्यावं. तोंडी 'हो जातं' वर कुणी कर्ज काढू नये.

बेसा पॉवर हाऊस हा तिथला पत्ता सांगायचा नेहमीचा खूण-चौक. महापारेषणचं २२० केव्हीचं उपकेंद्र तिथे असल्यामुळे आसपासच्या मोकळ्या जमिनींवरून उच्चदाबाच्या वाहिन्या गेलेल्या दिसतात, आणि तारांखालचे प्लॉट थोडे स्वस्त सांगितले जातात. ते स्वस्त का आहेत ते आकड्यांत पाहा. २२० केव्ही वाहिनीचा मार्गपट्टा ३५ मीटर रुंद असतो, म्हणजे मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना साडेसतरा मीटर. १३२ केव्हीचा २७ मीटर. वरच्याच प्लॉटच्या ४० मीटर बाजूवरून २२० केव्हीची मध्यरेषा गेली तर ७०० चौरस मीटर जमीन पट्ट्यात गेली.

गल्लीतल्या ११ केव्ही तारांचं अंतर लहान असतं, पण बहुतेक अपघात तिथेच होतात. ११ केव्हीपर्यंत इमारतीपासून उभं अंतर किमान ३.७ मीटर आणि आडवं १.२ मीटर असावं लागतं. ११ ते ३३ केव्हीसाठी आडवं २ मीटर. २२० केव्हीला हेच अंतर साडेपाच आणि ३.८ मीटर होतं. हे मोजायचं ते तार उन्हाळ्यात सैल होऊन सर्वांत खाली येते तिथून आणि वाऱ्याने सर्वांत आत झुलते तिथून. सकाळी थंड वेळी फीत लावून 'बसतं' म्हणणाऱ्याचं ऐकू नये. टिनाच्या शेडला कळस असतो, चिमणी असते, वर चढून टिन बदलणारा माणूस असतो, आणि त्याच्या हातात बारा फुटी लोखंडी पाइप असतो. २०१७ मध्ये नागपुरात हायटेन्शन तारेच्या धक्क्याने लहान मुलांचे जीव गेले, तेव्हा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली होती. तार हलवायची झाली तर खर्च मागणाऱ्यानेच करायचा असतो. परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून काम करून घेतलं तर महावितरणला अंदाजपत्रकाच्या १.३ टक्के देखरेख शुल्क वेगळं भरावं लागतं. तार हलवण्याचं अंदाजपत्रक आधी काढून घ्या आणि तेवढी रक्कम जमिनीच्या भावातून कमी करायला सांगा.

सोनेगावचं विमानतळही इथून फार दूर नाही. उंच चिमणी, सायलो किंवा टॉवर उभारायचा असेल तर विमानतळ प्राधिकरणाच्या रंगीत नकाशात आपल्या जागेला किती उंचीची मर्यादा आहे ते आधी पाहावं.

या सगळ्याच्या आधीचा प्रश्न झोनचा. बेसा आता बेसा-पिपळा नगरपंचायतीत आहे, पण नियोजनाचं काम नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, म्हणजे एनएमआरडीएकडे जातं. या पट्ट्यातल्या प्लॉटच्या जाहिरातींत 'एनए-टीपी' (अकृषक आणि नगररचना मंजुरी) आणि 'आरएल' (रिलीज लेटर) हे शब्द हमखास असतात. ले-आऊट रहिवासी वापरासाठी मंजूर झाला असेल तर त्यातल्या प्लॉटचा आरएल घरासाठीच कामाचा. त्याच्यावर कारखान्याचा नकाशा मंजूर होणार नाही. रहिवासी झोनमध्ये पिठाची चक्की, शिवणकाम, दुरुस्ती अशा काही सेवा उद्योगांना अश्वशक्तीची आणि क्षेत्राची मर्यादा घालून मुभा आहे. त्या मर्यादेच्या पुढची मशीन बसवली की परवानगी संपते, मग मशीन कितीही स्वच्छ चालो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना (एमआरटीपी) कायद्याच्या कलम ५२ आणि ५३ खाली नोटीस येते तेव्हा मशीनचे हप्ते अर्धेही फिटलेले नसतात. म्हणून पहिला खर्च झोन दाखल्याचा. गट नंबर घालून अर्ज करा आणि दाखल्यावर विकास आराखड्याचा त्या जागेचा भाग चिकटवून मागा, म्हणजे शेजारचा झोनही दिसतो.

काही धंद्यांना झोनशिवाय स्वतःचं अंतरही आहे. नागपूरच्या आसपास वीटभट्ट्या बऱ्याच. केंद्राच्या २२ फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेप्रमाणे नवी भट्टी वस्तीपासून आणि फळबागेपासून किमान ८०० मीटर आणि दुसऱ्या भट्टीपासून किमान एक किलोमीटर लांब हवी. बेसा आणि पिपळ्याच्या भोवती रोज नवी वस्ती उठते आहे. तिथे ८०० मीटर रिकामे सापडले तरी ते रिकामे राहतील याचा भरवसा धरू नये. पेट्रोल पंपासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये ठरवलेलं अंतर असं: शाळा, दहा किंवा जास्त खाटांचं रुग्णालय आणि रहिवासी क्षेत्र यांच्यापासून ५० मीटर, जागेची अडचण असेल तर जादा सुरक्षा उपाय करून, पण कोणत्याही परिस्थितीत ३० मीटरच्या आत नाही. हे अंतर पंपाच्या कुंपणापासून मोजत नाहीत, तर टँक भरायचं तोंड, इंधन देणारं यंत्र किंवा वायू सोडणारा पाइप यांपैकी जे जवळ असेल तिथून. त्यामुळे मोठ्या जागेत यंत्रं आत सरकवून अंतर बसवता येतं, अरुंद जागेत ते शक्य होत नाही.

ही अंतरं कुणीतरी कागदावर सहज लिहिलेली नाहीत. १९८४ च्या भोपाळ वायुगळतीनंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात कलम ४१अ आलं आणि धोकादायक उद्योगाची जागा तपासायला स्थळ मूल्यमापन समिती नेमायची तरतूद झाली. डोंबिवलीत एमआयडीसीच्या कुंपणाला इमारती भिडल्या, आणि मे २०१६ व मे २०२४ च्या स्फोटांत कारखान्याबाहेरच्या घरांच्या काचा फुटल्या. आपल्या जिल्ह्यात १७ डिसेंबर २०२३ ला बाजारगावच्या स्फोटकांच्या कारखान्यात नऊ कामगार गेले, त्यांत बहुसंख्य बाया होत्या. स्फोटकांच्या कारखान्यात आतल्या इमारतीही एकमेकींपासून अंतर ठेवून बांधाव्या लागतात, किती किलो माल कुठे ठेवला यावर ते अंतर ठरतं. एका खोलीतली आग शेजारच्या खोलीत जाऊ नये म्हणून ते सोडलेलं असतं. आपल्या लहान शेडमध्ये थिनर, रंग किंवा गॅस सिलिंडर असतील तर तीच काळजी लहान प्रमाणात घ्यावी: ज्वलनशील मालाची खोली वेल्डिंगच्या जागेपासून वेगळी आणि दूर ठेवावी, आणि मोकळ्या सोडलेल्या मार्जिनमध्ये भंगार रचू नये. अग्निशमन दलाची गाडी याच जागेतून आत येणार असते. आगप्रतिबंधक यंत्रणा सुस्थितीत असल्याचा 'नमुना ब' परवानाधारक संस्थेकडून दर जानेवारीत आणि जुलैत घ्यावा लागतो, तोही वार्षिक खर्चात धरा.

आता कागदांचे पैसे. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो, तो काढल्याशिवाय बोलणीच करू नयेत. मोजणीचे दर डिसेंबर २०२४ पासून बदलले. ग्रामीण भागात दोन हेक्टरपर्यंत साधी मोजणी २,००० रुपये आणि द्रुतगती ८,०००, नगरपालिका क्षेत्रात एक हेक्टरपर्यंत ३,००० आणि १२,०००. आपला गट कोणत्या दरात बसतो ते भूमी अभिलेख कार्यालयात विचारून चलन काढा. मोजणी चुकवून पैसे वाचवू नका. बफर मोजायचा तो हद्दीच्या खुणेपासून, आणि खूण दोन मीटरने सरकली तर ४० मीटर रुंदीवर ८० चौरस मीटर जमीन जाते.

रजिस्ट्रीत मुद्रांक शुल्क मूळ ५ टक्के, त्यावर स्थानिक संस्थेचे आणि प्रकल्पांचे अधिभार. नोंदणी फी एक टक्का, पण ३० हजारांच्या वर नाही. महिलेच्या नावावर मिळणारी एक टक्क्याची सूट घरासाठी आहे, कारखान्याच्या प्लॉटला ती धरून बजेट करू नये. नकाशा मंजुरीच्या वेळी विकास शुल्क येतं. औद्योगिक वापराला जमिनीवर रेडी रेकनर दराच्या ०.७५ टक्के आणि बांधकामाच्या क्षेत्रावर ३ टक्के. रेकनर चौरस मीटरला ५,००० रुपये समजा: २,००० चौरस मीटर जमिनीवर ७५,००० आणि १,००० चौरस मीटर बांधकामावर दीड लाख, मिळून सव्वादोन लाख. मेट्रोसारख्या वाहतूक प्रकल्पासाठी सरकार हे शुल्क दुप्पट करू शकतं, म्हणून साडेचार लाखांची तयारी ठेवा. शिवाय बांधकाम खर्चावर एक टक्का कामगार उपकर.

प्रदूषण मंडळाच्या संमतीची फी उद्योगाच्या भांडवली गुंतवणुकीवर ठरते, आणि त्या गुंतवणुकीत जमीनही मोजली जाते. म्हणजे ज्या बफरवर काही बांधता येत नाही त्याच्यामुळे फीही वाढते. उद्योग लाल, नारिंगी, हिरवा की पांढरा हे आधी पाहा; पांढऱ्या गटाला संमती घ्यावी लागत नाही. वीज वापरून २० किंवा जास्त, विजेशिवाय ४० किंवा जास्त कामगार असतील तर कारखाना म्हणून नोंदणी आणि परवान्याचा खर्च वेगळा. उद्यम नोंदणी फुकट आहे, तिच्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

रात्रपाळीचा हिशेब कर्जाच्या प्रकल्प अहवालात बहुधा नसतो. रहिवासी क्षेत्रात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, औद्योगिक क्षेत्रात ७५ आणि ७०. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. वस्तीला लागून ग्राइंडर किंवा प्रेस चालवायची असेल तर दुसरी पाळी धरून केलेलं उत्पन्न कागदावरच राहील. ध्वनिरोधक भिंत, कंपन शोषणारा पाया, बंदिस्त जनरेटर हे सगळं मशीनच्या कोटेशनमध्ये आधीच मागून घ्या.

एवढं करून शेडखालचा भाव हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीच्या जवळ गेला, तर माझं मत स्पष्ट आहे: एमआयडीसीत जा. तिथे जमीन ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळते, प्लॉटभोवती अंतर तिथेही सोडावं लागतं, पण वापराचा झोन आधीच ठरलेला असतो आणि नकाशाही महामंडळच मंजूर करतं. बेसा भागात राहून बुटीबोरीला रोज जाणं त्रासाचं आहे, तरी नोटिशीच्या धास्तीत धंदा करण्यापेक्षा तो त्रास परवडतो. भांडवल कमी असेल तर आधी भाड्याने गाळा घ्या. २५,००० रुपये महिना, दीड लाख अनामत, तीन वर्षं असा करार केला तर मुद्रांक सुमारे २,४०० रुपये लागतो, नोंदणीचे शहरी भागात १,०००. मात्र गाळामालकाकडून मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्राची प्रत घ्या. भाडेकरू बदलल्याने जागेचा झोन बदलत नाही, आणि संमती व परवाने तुमच्याच नावावर काढायचे असतात.

इसारपत्रात एक ओळ आवर्जून घाला: झोन दाखला औद्योगिक वापराचा न आल्यास, किंवा मोजणीनंतर बांधता येणारं क्षेत्र ठरल्यापेक्षा कमी निघाल्यास, इसार अमुक दिवसांत पूर्ण परत. क्षेत्राचा आकडा चौरस मीटरमध्ये लिहा. ही ओळ नाकारणाऱ्या विक्रेत्याशी पुढची बोलणी करू नयेत.

हाच मजकूर फ्लॅट घेणाऱ्यानेही वाचावा, कारण बफर त्याच्यासाठीच ठेवलेला असतो. बाल्कनीसमोरची रिकामी जमीन कोणत्या झोनची आहे हे बिल्डरच्या माहितीपत्रकात सहसा नसतं. विकास आराखड्याच्या नकाशात असतं. शेजारी शेड उभं राहिलंच असेल तर माहिती अधिकाराच्या दहा रुपयांच्या अर्जात तीन कागद मागा: मंजूर नकाशा, प्रदूषण मंडळाची संमती आणि झोन दाखला. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. नकाशात बफर दाखवून प्रत्यक्षात तिथे गोदाम उभारलेलं असेल तर फोटो आणि मोजमाप जोडून एनएमआरडीए आणि प्रदूषण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाकडे तक्रार करा, पोच घ्या. प्रदूषणाचा त्रास सुरूच राहिला तर राष्ट्रीय हरित लवादाच्या पुण्याच्या खंडपीठाकडे जाता येतं. भरपाई मागायची नसेल तर अर्जाची फी १,००० रुपये. वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत हा अर्ज करायचा असतो, आणि उशिराचं पुरेसं कारण दाखवलं तर लवाद आणखी ६० दिवस देऊ शकतो. म्हणून पहिल्या तक्रारीच्या पोचेवरची तारीख जपून ठेवा.